वाडीची शाळा केंद्रशाळेत 'समायोजित' करायची म्हणतात. संमतिपत्रावर सही करावी का?

पाखाडी | २ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घाईचा आहे आणि आमच्या वाडीत विचारायला कोणी नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत आम्ही राहतो. ४१ उंबरे. त्यातले निम्म्याहून जास्त दरवाजे गणपतीत आणि शिमग्यालाच उघडतात. वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते पाचवी. माझी मुलगी तिसरीत आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, आले होते. माणूस चांगला, बोलणं अदबीचं. त्यांनी एक छापील कागद पुढे ठेवला: पट कमी असल्यामुळे आमची शाळा केंद्रशाळेत समायोजित करायला, म्हणजे इथली बंद करून मुलं तिकडे पाठवायला, पालकांची हरकत नाही. खाली सह्यांसाठी रेघा. "वरून मागितलंय, सुट्टी संपली की द्या," म्हणाले.

पट ११ लावलाय. प्रत्यक्षात मुलं १३ बसतात. दोघांचं आधार जुळत नाही म्हणून ती मोजणीत नाहीत. एकाचा जन्म मुंबईचा, दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं. मे महिन्यापर्यंत दोन शिक्षक होते, एक बदली होऊन आपल्या जिल्ह्यात गेले. आता एकच गुरुजी पाच वर्ग सांभाळतात. तांदळाचा हिशोब, ऑनलाइन माहिती, मतदारयादीचं काम हे सगळं त्यांच्याकडेच.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते अंतर. कागदावर आमची शाळा ते केंद्रशाळा ९०० मीटर आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर असेलही. पण मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा आहे. पाखाडीनं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेनं उतरून, पऱ्या ओलांडून पलीकडे चढायचं. त्यावरचा साकव (छोटा पूल) गेल्या वर्षीच्या पावसात एका बाजूनं खचला, तो अजून तसाच आहे. डांबरी रस्त्यानं जायचं तर चार किलोमीटरच्या वर, आणि एसटी सकाळी साडेदहाला.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही सही कायद्यानं लागते का? नाही दिली तर काय होतं? आणि तिसरं मनापासून विचारते, मला खरंच कळत नाहीये: मुलांचं भलं कशात आहे?

---

फळाखडू | २ नोव्हेंबर

ताई, मी १९ वर्षं जि.प. शिक्षक आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. म्हणून तुमच्या कागदावर ९०० मीटर लिहिलंय त्याला महत्त्व आहे. तो आकडा १ किलोमीटरच्या वर गेला की समायोजनाचा पायाच डळमळतो. तुमचं भांडण पटाचं वाटतं, पण आहे ते अंतराचं.

दुसरी गोष्ट. शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे नुसता सह्या करणारा गट नव्हे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत असं कायदाच सांगतो, आणि शाळा विकास आराखडा करायचं कामही तिचंच आहे. त्यामुळे सुट्या कागदावर, घरोघर फिरून सह्या देऊ नका. समितीची सभा बोलवा, विषय रीतसर मांडा, काय ठरलं ते इतिवृत्ताच्या वहीत लिहा आणि त्याची प्रत पोच घेऊन गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या. होकार असो वा नकार, तो वहीतून गेला पाहिजे.

आधारचं काम आजच हातात घ्या. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही आधार वैध झालेली मुलंच मोजतात. ती दोन मुलं वर्गात बसून शिकतात, पण हिशोबात ती नाहीत. नाव दुरुस्तीला वेळ लागतो.

---

रानजाई | २ नोव्हेंबर

वाचतेय. आमच्याकडेही हेच चालू आहे, सिंधुदुर्गात.

---

सह्यकडा | ३ नोव्हेंबर

पाखाडीताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. ते बहुतेकांना आवडणार नाही.

मी अशाच शाळेत शिकलो. घाटमाथ्यावरची एकशिक्षकी शाळा. चौथीत माझ्या वर्गात मी एकटा. गुरुजी प्रामाणिक होते, पण ते पहिलीला अक्षरं शिकवत असताना मी पाटीवर पाढे लिहीत बसायचो. ते प्रशिक्षणाला गेले की शाळा बंद, तालुक्याला पगारबिलाला गेले की शाळा बंद. पाचवीला हायस्कुलात गेलो तर चाळीस मुलांच्या वर्गात उभं राहून स्वतःचं नाव सांगता येईना. खो-खोचा संघ काय असतो ते मला अकराव्या वर्षी कळलं. दोन वर्षं मी मागे पडलेला होतो आणि ते मागे पडणं दहावीपर्यंत पुरलं.

म्हणून वाडीतली शाळा वाचवा असं कोणी म्हटलं की मला तो एकटा बाक आठवतो. मुलाला बरोबरीची मुलं लागतात. केंद्रशाळेत पाच वर्गांना पाच शिक्षक मिळणार असतील, गाडी दारातून नेणार असेल, तर मी सही करेन. पण आधी गाडी उभी राहिली पाहिजे, सही त्यानंतर.

---

फळाखडू | ३ नोव्हेंबर

सह्यकडा, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. एकशिक्षकी शाळा हा मुलांवर अन्यायच आहे. पण ती एकशिक्षकी कशामुळे झाली ते पाहू या. कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानं ती घडी विस्कटली. २० च्या आतल्या शाळेत एकच नियमित पद धरलं जाऊ लागलं आणि सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली असेल तर पदच नाही. मग सप्टेंबर २०२४ मध्ये आधी २० पर्यंतच्या आणि नंतर सुधारून १० पर्यंतच्या पटाच्या शाळांत दोघांपैकी एक शिक्षक कंत्राटी, १५,००० रुपये मानधनावर, असं आलं. आम्ही राज्यभर सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरलो होतो. तो कंत्राटी निर्णय पुढे रद्द झाला.

आधी शिक्षक काढला, त्यामुळे पालकांनी मुलं काढली, त्यामुळे पट घटला, आणि आता पट घटला म्हणून शाळा. तुमच्या लहानपणीचा एकटा बाकही अशाच साखळीतला असेल.

---

गणितवेडा | ३ नोव्हेंबर

२०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी करायचा, विषय आला तेव्हा शिक्षण विभागाचे जे आकडे छापून आले होते ते माझ्या वहीत आहेत. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३. त्यांत मुलं १,८५,४६७. शिक्षक २९,७०७.

भागाकार केला तर एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं, एका शिक्षकामागे सहा. खर्चाच्या बाजूनं बोलणारे एवढंच दाखवतात. मी उलट बाजूनं बघतो: पावणेदोन लाखांहून जास्त मुलं अशा शाळांत आहेत. ती कुठे राहतात ते नकाशावर मांडलं तर सह्याद्रीचा कणा, कोकणपट्टी, सातपुडा, मेळघाट, गडचिरोली असाच पट्टा दिसेल. म्हणजे ज्या घरांना गाडीचं भाडं परवडत नाही आणि जिथे रस्ता पावसाळ्यात तुटतो, नेमकी तीच मुलं. सरासरीत पऱ्या दिसत नाही.

---

पाखाडी | ४ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. सह्यकडा दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आमच्या मुलीच्या वर्गातही तिच्यासह दोघीच आहेत.

काल समितीतल्या आम्ही चौघी आधार केंद्रावर जाऊन आलो. एका मुलाचं काम झालं. दुसऱ्याच्या वडिलांना मुंबईहून कागद पाठवायला सांगितलंय.

---

उंबरठा | ४ नोव्हेंबर

एक स्पष्ट विचारू? तुमच्या वाडीतली किती मुलं दुसरीकडे जातात? इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत?

---

पाखाडी | ४ नोव्हेंबर

सहा. लपवण्यासारखं काही नाही. ती आमच्याकडे असती तर पट १९ झाला असता.

त्यातल्या चार घरांत मी काल संध्याकाळी गेले. भांडायला नाही, फक्त विचारायला. दोघांनी सांगितलं, इंग्रजीसाठी. ते मी समजू शकते. तिसऱ्या घरी आजी म्हणाल्या की सून मुंबईला परत जाईल तेव्हा पोराला तिथली शाळा जड जायला नको. चौथ्या घरची बाई माझ्याच बरोबरीची, आम्ही दोघी याच शाळेत शिकलो. ती म्हणाली, "दुसरा मास्तर आणा, मी पोर उद्या परत आणते. महिन्याचं गाडीभाडं मलापण जड जातंय." ती खोटं बोलत नव्हती.

---

नदीकाठ | ५ नोव्हेंबर

मी नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी भागात शिकवतो. समूह शाळेचे दाखले देताना दोन नावं नेहमी येतात: पुण्यातलं पानशेत आणि आमच्याकडचं तोरणमाळ. दोन्हीकडे इमारत, सोयी चांगल्या आहेत, ते मान्यच. पण दोन्ही ठिकाणं वेगळी आहेत. पानशेतला मुलं गाडीनं येऊन संध्याकाळी घरी जातात. तोरणमाळला निवासी आहे, कारण पाडे इतके विखुरलेले की रोज ये-जा शक्यच नाही.

निवासी म्हणजे सहा वर्षांचं पोर आईपासून लांब. पावरी बोलणारं मूल मराठीच्या वर्गात येतं तेव्हा त्याची भाषा समजणारं घर जवळ असणं हाच पहिला आधार असतो. पहिली-दुसरीची मुलं होळीला घरी गेली की परत आणायला आम्ही पाड्यापाड्यावर फिरतो. काही येतात, काही गुजरातेत आईबापाबरोबर ऊसतोडीला निघून जातात.

पाखाडीताई, तुमच्याकडे निवासीचा प्रश्न नाही. तुमचा प्रश्न वाहतुकीचा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत लांबून येणाऱ्या मुलाला वाहतूक भत्ता आहे, वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. तो खात्यात जमा होतो. पण भत्ता म्हणजे गाडी नव्हे. गाडी कोण लावणार, चालकाची जबाबदारी कोणाची, पऱ्याला पूर आला त्या दिवशी काय, हे लेखी घ्या. पैसे उशिरा आले की गाडीवाला थांबतो आणि पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी.

---

रानजाई | ५ नोव्हेंबर

शेवटच्या ओळीला अनुमोदन. आमच्या शेजारच्या वाडीत हेच झालं. भाऊ सायकलवर जातो, बहीण घरी धाकट्याला सांभाळते.

---

चाकरमानी | ५ नोव्हेंबर

मी परळला राहतो, गाव गुहागर तालुक्यात. आमच्या वाडीचं मुंबई मंडळ आहे. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, नळपाणी असं सगळं वर्गणीतून केलं. तुमचंही मंडळ असेलच. प्रत्येक चाकरमान्यानं महिन्याला २०० रुपये काढले तर डी.एड. झालेली गावातली एखादी मुलगी शिकवायला ठेवता येईल. आमच्याकडे दोन वर्षं असं चाललंय. सरकारच्या तोंडाकडे किती दिवस बघायचं?

---

फळाखडू | ५ नोव्हेंबर

दादा, तुमच्या मंडळाला नमस्कार. पण एक धोका सांगतो. वर्गणीतून शिक्षक ठेवला की रिकामं पद रिकामंच आहे हे कोणाला टोचत नाही. अहवालात 'शाळा सुरळीत सुरू' असं जातं. दोन वर्षांनी वर्गणी आटते, ती मुलगी लग्न होऊन जाते आणि तोवर पदाची मागणी कोणी केलेली नसते. ठेवायचाच असेल तर दर महिन्याला लेखी पत्र द्या की हे पद रिक्त आहे आणि आम्ही तात्पुरती सोय केली आहे.

---

चाकरमानी | ६ नोव्हेंबर

हे आम्ही केलं नाही. एकही पत्र दिलेलं नाही. रविवारी मंडळाची सभा आहे, तिथे मांडतो.

---

ओवी | ६ नोव्हेंबर

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या शाळांची व्यवस्था वेगळी आहे, तुलना करायला नको असं वाटत होतं, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. इथे प्रत्येक गावाच्या किंवा दोन-चार गावांच्या शाळांचं एक मंडळ असतं आणि बहुतेक ठिकाणी त्याचे सदस्य निवडून येतात. सभा जाहीर असतात, तसा राज्याचा कायदाच आहे. अंदाजपत्रकाची जाहीर सुनावणी होते. शाळा बंद करायचा विषय आला की पालक रात्री अकरापर्यंत रांगेत उभे राहून प्रत्येकी तीन-तीन मिनिटं बोलतात. शाळा इथेही बंद होतात, मुलं कमी झाली की होतातच. पण कोणाच्या सहीनं झाली आणि कोण विरोधात होतं ते सगळ्या गावाला माहीत असतं. पुढच्या निवडणुकीत लोक ते विसरत नाहीत.

तुमच्या जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते ना? तिथले निवडून आलेले सदस्य काय म्हणतात?

---

निवृत्त_केंद्रप्रमुख | ७ नोव्हेंबर

ओवीताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. शिक्षण समिती असते, पण सध्या ती नाही. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक आहे. साडेतीन वर्षांत या शाळांबद्दल एकाही निवडून आलेल्या माणसाला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागलेलं नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या प्राथमिक शाळा लोकांच्या हातात राहाव्यात म्हणूनही. त्यानंतरचा एवढा मोठा रिकामा काळ मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

संमतिपत्र आणणाऱ्या केंद्रप्रमुखावर राग धरू नका. मी ते काम केलंय. डिसेंबर २०१७ मध्ये १० च्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा स्थलांतरित करायचं ठरलं तेव्हा मी आठ वाड्यांत फिरलो. वरून येणाऱ्या तक्त्यात 'पायवाट', 'ओढा', 'पूल' असे रकानेच नव्हते. 'अंतर' असा एकच रकाना. मी एका शाळेसाठी हातानं नकाशा काढून, ओढ्याचा फोटो लावून, स्वतंत्र टिपण जोडलं होतं. ती शाळा राहिली. बाकी सात ठिकाणी मी टिपण जोडलं नाही. तेव्हा घाई होती, तारीख होती. त्यातल्या दोन वाड्यांबाबत मला आजही वाटतं की मी जोडायला हवं होतं.

म्हणून सांगतो, त्यांना तुमच्याबरोबर चालायला बोलवा. घड्याळ लावून. पहिलीतलं एखादं मूल बरोबर घ्या, मोठ्या माणसाच्या पायानं मोजू नका. आणि त्यांना ते लिहून द्यायला सांगा. केंद्रप्रमुखाच्या टिपणाला वजन असतं.

---

सह्यकडा | ७ नोव्हेंबर

सर, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. मी सही करा म्हणत होतो, त्यात एवढी भर घालतो: साकव दुरुस्त झाल्याशिवाय नको.

तरी बहुवर्ग अध्यापनाचं काय, हा माझा प्रश्न शिल्लक आहे. शाळा राहिली आणि गुरुजी एकच राहिले, तर जिंकून काय मिळवलं?

---

फळाखडू | ८ नोव्हेंबर

त्यावर काम झालेलं आहे. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीनं फार पूर्वी एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची पद्धत बसवली. मूल आपल्या वेगानं एकेक पायरी चढतं, इयत्तेची भिंत राहत नाही. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जि.प. शाळा घ्या. पट तीनवर आला होता, बंद पडायला आलेली. तिथे विषयमित्र पद्धत चालते, मोठी-लहान मुलं एकमेकांना शिकवतात. यंदा त्या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. तीन पटाची शाळा बंद करायची हाच नियम काटेकोर लावला असता तर ती आज नसती.

पण प्रामाणिकपणे सांगतो, हे प्रत्येक शिक्षकाला जमेल असं नाही आणि ज्याच्याकडे दिवसाला चार तक्ते भरायचं काम आहे त्याला तर नाहीच. पाखाडीताई, तुमच्या गुरुजींचं वय काय?

---

पाखाडी | ८ नोव्हेंबर

५१. बिचारे आता रात्री टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास करतात. त्यांच्या टेबलावर मुलांच्या वह्यांखाली मानसशास्त्राचं पुस्तक असतं.

---

फळाखडू | ८ नोव्हेंबर

वाटलंच. १ सप्टेंबरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागणार. पाच वर्षांच्या आतल्यांना नोकरी राहील, पण बढती नाही. तुमचे गुरुजी त्यात अडकलेत. पाच वर्ग, तांदूळ, मतदारयादी आणि वर परीक्षा. त्यांना समितीकडून एक गोष्ट देता येईल: कागदकाम वाटून घ्या. पोषण आहाराची रोजची नोंद बघायला एक पालक बसला तरी त्यांचा तास वाचतो.

---

उंबरठा | ९ नोव्हेंबर

पोषण आहारावरून आठवलं. शाळा गेली की खिचडी शिजवणाऱ्या ताईंचं काय होतं? महिन्याला २,५०० रुपयेच असतात, पण वाडीत रोख येणारी तेवढी एकच रक्कम असते कित्येक घरांत.

---

पाखाडी | ९ नोव्हेंबर

आमच्याकडे त्या विधवा आहेत. पंधरा वर्षं शिजवतात. कोणतं मूल काय खात नाही ते त्यांना पाठ आहे. कागदावर त्यांचं नाव कुठेच नाही, मी शोधलं.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख | ९ नोव्हेंबर

एक गोष्ट धीर द्यायला सांगतो. लेखी हरकतीनं काही होत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. एक राज्य एक गणवेश आठवा. २०२४ मध्ये कापड वरून कापून आलं, बचत गटांनी शिवायचं, कुठे मापं चुकली, कुठे दिवाळी आली तरी गणवेश नाही. शाळाशाळांतून तक्रारी गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे दोन्ही निर्णय या २९ जूनला मागे घेतले. वरचे निर्णय फिरतात, पण खालून कागद वर गेला तरच.

---

पाखाडी | १७ नोव्हेंबर

काय काय झालं ते लिहिते.

समितीची सभा झाली. नऊ जण हजर होते, त्यात सहा बायका. दोन तास बोललो. एकमत नव्हतं. दोन पालकांचं म्हणणं सह्यकडा दादांसारखंच होतं: केंद्रशाळेत संगणक आहे, मैदान आहे, मुलं शहाणी होतील. एकीनं विचारलं, "पऱ्याला पाणी चढलं की पोराला कोण उचलून नेणार, मी भातात असते." त्यावर खूप वेळ कोणी बोललं नाही.

शेवटी इतिवृत्तात हे लिहिलं: सध्याच्या स्थितीत समायोजनाला संमती नाही. चालत जायच्या वाटेनं अंतर मोजावं. साकव दुरुस्त करावा. दुसरं पद भरावं. गाडी प्रत्यक्ष सुरू झाली, आणि एक पूर्ण पावसाळा तिनं काढला, तर समिती फेरविचार करेल. ही शेवटची अट त्या दोन पालकांनी सुचवली. मला ती आवडली, कारण त्यामुळे तेही आमच्यातच राहिले.

प्रत दिली, पोच घेतली. ग्रामसभेतही ठराव मांडला, मंजूर झाला. सरपंचांनी साकवाचा विषय बांधकाम विभागाकडे धाडलाय.

दुसऱ्या मुलाचं आधार झालं. आता १३. ३० सप्टेंबर उलटून गेलाय, त्यामुळे यंदाच्या हिशोबात ते धरतील की नाही हे केंद्रप्रमुखांनाही सांगता येईना. विनंतीपत्र दिलंय.

---

चाकरमानी | १८ नोव्हेंबर

आमच्या मंडळानं पहिलं पत्र दिलं. चोवीस महिन्यांचा हिशोब जोडला: पद रिक्त कधीपासून, आम्ही किती मानधन दिलं. फळाखडू सरांचे आभार. सभेत एक ज्येष्ठ म्हणाले, देवळाच्या वर्गणीची पावती ठेवतो तर ही का नाही ठेवली.

---

ओवी | १८ नोव्हेंबर

"एक पूर्ण पावसाळा काढला तर" ही अट इथल्या कुठल्याही सभेत मी ऐकलेली नाही. फार विचार करून घातलीय.

---

सह्यकडा | १९ नोव्हेंबर

त्या दोन पालकांना माझा नमस्कार सांगा. ताई, तुमच्या मुलीच्या वर्गात दोघीच आहेत म्हणालात. शनिवारी केंद्रशाळेच्या मुलांबरोबर खेळ, वाचन असं काही करता आलं तर बघा. महिन्यातून दोनदा झालं तरी. मला ते मिळालं असतं तर पाचवीचा पहिला दिवस वेगळा गेला असता.

---

पाखाडी | ७ डिसेंबर

धागा वर काढतेय, थोडं सांगायचं आहे.

५ तारखेला शाळा बंद आंदोलन होतं, गुरुजी मोर्च्याला गेले. त्या दिवशी मुलं आम्ही सांभाळली, वाचनाच्या पेट्या काढून दिल्या. पाचवीच्या मुलानं पहिलीतल्या दोघांना गोष्ट वाचून दाखवली. विषयमित्राचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

सह्यकडा दादा, केंद्रशाळेच्या मुख्याध्यापिका बाईंशी बोलले. दर दुसऱ्या शनिवारी आमची मुलं तिकडे किंवा त्यांची इकडे. पहिला शनिवार त्यांच्याकडे झाला. मुलगी घरी येऊन लगोरीबद्दल झोपेपर्यंत बोलत होती. जाताना आम्ही चार पालक बरोबर होतो, पऱ्यात आता पाणी घोट्याएवढंच आहे. जुलैत काय ते बघू.

ती पिवळ्या गाडीतली माझी मैत्रीण दोनदा विचारून गेली, दुसरा मास्तर कधी येतो. तिला सांगायला माझ्याकडे अजून काही नाही.

कार्यालयाकडून लेखी उत्तर नाही. पण केंद्रप्रमुखांचा काल फोन आला. इतिवृत्ताची प्रत त्यांनी वाचली म्हणाले. मंगळवारी ते आमच्याबरोबर पाखाडीनं चालायला येणार आहेत. सकाळी पावणेआठला शाळेच्या पायरीवरून निघायचं, घड्याळ त्यांच्याच हातात. पहिलीतली दोन्ही मुलं बरोबर येतील. निवृत्त सर म्हणाले तसं फोटो काढायला आणि टिपण लिहायला वही घेऊन या, असं मी त्यांना सांगितलंय. हो म्हणाले.